फ्रेंचमध्ये वय: ‘सीस’च्या आधी ‘सीज़ाँ’

तिसरी-चौथीच्या वर्गात फ्रेंच सुरू केलं की नाव सांगून झाल्यावर लगेच वयाचा धडा येतो. पुस्तकात तो एका पानात संपतो: वर एक ते बारा आकडे, खाली ‘तुझं वय किती?’ हा प्रश्न आणि त्याचं उत्तर. लातूर-नांदेडकडच्या सेमी-इंग्रजी शाळेत तास पस्तीस मिनिटांचा आणि समोर चाळीस लेकरं. हे पान जसंच्या तसं शिकवलं तर दोन आठवड्यांत अख्खा वर्ग एका सुरात ‘झे उईत’, म्हणजे नुसतं ‘मला आठ’, म्हणायला लागतो. उत्तर अर्धवट असतं, आणि बहुतेकांना आपण काय म्हणतोय याचा पत्ता नसतो. म्हणून या धड्याला चार तास धरावेत आणि क्रम पुस्तकाच्या उलटा लावावा. सुट्टे आकडे अगदी शेवटी.

इथे फ्रेंच देवनागरीत लिहिलंय, त्यातल्या खुणा आधी सांगितलेल्या बऱ्या. ‘झ’ म्हणजे जीभ टाळूला न टेकवता काढलेला झ. तो मराठीत नाही, त्यामुळे लेकरं ‘जे’ म्हणतात. त्यांना लांब ‘श्श्श’ म्हणायला लावायचं आणि मधेच घशातून आवाज सुरू करायला सांगायचं. गळ्यावर बोट ठेवलं की थरथर लागते, तोच हा झ. तसंच ‘स्स्स’ म्हणता म्हणता घसा सुरू केला की नुक्त्याचा ‘ज़’. ‘ज़रा’, ‘नमाज़’ घरात बोलणाऱ्या मुलांना तो आयताच येतो. त्यांना पुढे बोलवावं, बाकीची ऐकून उचलतात.

चंद्रबिंदू म्हणजे नाकातला स्वर, शेवटी न किंवा म नाही. मराठवाड्यातल्या लेकरांची इथे मोठी सोय आहे. बीड असो, परभणी असो, गल्लीत दखनी हिंदी कानावर पडत असते, त्यामुळे ‘हाँ’, ‘यहाँ’, ‘माँ’ म्हणायला कुणाला शिकवावं लागत नाही. फळ्यावर मात्र साधा अनुस्वार देऊ नये. ‘आं’ लिहिलं की मराठी वाचनाच्या सवयीने ते ‘आन’ वाचतात. तपासायची पद्धत सोपी: शब्द संपल्यावर तोंड तसंच उघडं ठेवायला सांगा. जिभेचं टोक खालच्या दातांमागे असेल तर बरोबर, वरच्या दातांमागे चिकटलं असेल तर ‘आन’ झालंय. शेजारच्याच्या तोंडात डोकावून बघायला मुलं एका पायावर तयार असतात.

उरला ‘त्यु’, म्हणजे ‘तू’. तो ‘त’ आणि ‘यू’ असा जोडून नाही म्हणायचा. ‘ती’ म्हणत राहायचं, जीभ जागची हलवायची नाही, फक्त ओठ शीळ घालायला करतो तसे पुढे काढायचे. ‘द-ज़ाँ’ म्हणजे दोन वर्षं, त्यातला ‘द’ही असाच, ‘दे’ म्हणत ओठ गोल केलेला. घशातल्या फ्रेंच ‘र’च्या मागे पहिल्या वर्षी लागू नये. साध्या ‘र’ने वय कळतं, नाकातला स्वर चुकला तर कळत नाही.

पहिला तास वयाचा नसतोच. तो दप्तराचा असतो. फ्रेंच माणूस वय ‘बाळगतो’: ‘झे’ म्हणजे माझ्याकडे आहे, मला आहे. तेव्हा आधी पेन वर धरून ‘झे अँ स्तिलो’, वही धरून ‘झे अँ काये’, मग भावंडं: ‘झे अँ फ्रेर’, एक भाऊ, ‘झे द सर’, दोन बहिणी. मराठीत ‘मला दोन बहिणी आहेत’ हे वाक्य तयारच आहे, त्याच्याच खाली ‘मला आठ वर्षं आहेत’ असं ओढूनताणून मराठी एकदा फळ्यावर लिहावं. मुलं हसतात, आणि ते हसू कामाला येतं. हा तास वगळला की दुसऱ्या दिवशी ‘झ स्वी उईत’, म्हणजे ‘मी आठ आहे’, असं ऐकू येतं. इंग्रजी माध्यमात ‘आय ॲम एट’मुळे हे जास्त होतं, पण मराठीतही आपण ‘मी आठ वर्षांचा आहे’ असंच म्हणतो, त्यामुळे कुणीच त्यातून सुटत नाही. चूक झाली की व्याकरण सांगत बसू नये. नुसतं पेन वर धरावं. लेकरू ‘झे अँ स्तिलो’ आठवतं आणि स्वतःच ‘झे’वर येतं. इंग्रजी माध्यमातली काही मुलं शेवटी ‘ओल्ड’ही जोडून देतात, तिथे वाक्याच्या शेवटी मूठ मिटायची खूण ठरवून ठेवावी.

आता खरा मुद्दा. फ्रेंचमध्ये आकड्याचं शेवटचं व्यंजन पुढच्या ‘आँ’ला, म्हणजे वर्षांना, जाऊन चिकटतं आणि चिकटताना कधी कधी बदलतं. सुट्टा सहा ‘सीस’, पण सहा वर्षं ‘सी-ज़ाँ’. सुट्टा दहा ‘दीस’, दहा वर्षं ‘दी-ज़ाँ’. नऊ ‘नफ’, पण नऊ वर्षं ‘न-वाँ’; हा फ चा व सगळीकडे होत नाही, पण वर्षं आणि तास सांगताना हटकून होतो. दोन आणि तीनच्या शेवटचं व्यंजन तर एरवी मुकं असतं, वर्षांपुढे अचानक बोलायला लागतं: ‘द-ज़ाँ’, ‘त्र्वा-ज़ाँ’. ज्या मुलांनी आधी एक ते दहा घोकलेत ती पुढे महिनाभर ‘सी-साँ’, ‘नफ-आँ’ म्हणत राहतात, कारण त्यांच्या डोक्यात आकडा एक आणि वर्ष दुसरं असे दोन वेगळे तुकडे असतात. ज्यांनी सुरुवातच ‘सीज़ाँ’ने केली त्यांना हा त्रास होत नाही. आकडे मोजायला शिकवण्याची घाई बहुतेक पालकांची असते. घरी पाहुण्यांसमोर ‘अँ, द, त्र्वा’ म्हणून दाखवलं की शाळेचे पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात. तो हट्ट धडा संपल्यावर पुरवावा.

तर दुसऱ्या तासाला पूर्ण तुकडेच द्यायचे, आणि तेही एकपासून ओळीने नाही. आधी वर्गातली वयं, आठ, सात, नऊ: उई-ताँ, से-ताँ, न-वाँ. मग सी-ज़ाँ आणि दी-ज़ाँ, दोन्हींचा शेवट एकच. मग धाकट्या भावंडांची, तीन, चार, पाच: त्र्वा-ज़ाँ, कात्राँ, सँ-काँ. अकरा म्हणजे ओँ-ज़ाँ. दोन आणि बारा एका दिवशी शिकवू नयेत. ‘द-ज़ाँ’ आणि ‘दू-ज़ाँ’ यांत फक्त एका स्वराचा फरक आहे. दोन्ही एकत्र दिले की सहावीतला दादा दोन वर्षांचा होतो आणि पाळण्यातली बहीण बारा वर्षांची. बारा आधी द्यावा आणि दोनचा आकडा चार दिवसांनी. एक वर्ष म्हणजे ‘अँ-नाँ’, तो सगळ्यात शेवटी, कारण तो सांगायची वेळच क्वचित येते.

टाळ्यांची एक परीक्षा यात फार उपयोगी पडते. ‘झे’ धरून एकपासून बारापर्यंत कुठलंही वय तीनच टाळ्यांत बसतं: झे-सी-ज़ाँ, झे-कात्-राँ, झे-ओँ-ज़ाँ, झे-न-वाँ. चौथी टाळी पडली की कुठेतरी तुकडा फुटला, म्हणजे ‘कात्र’ आणि ‘आँ’ वेगळे झाले. दोनच पडल्या तर ‘आँ’ गळाला. शिक्षकाला चाळीस तोंडांतला उच्चार वेगळा ऐकू येत नाही, पण चौथी टाळी मागच्या बाकावरूनही ऐकू येते. ‘तुझं वय किती?’ हा प्रश्न चार टाळ्यांचा: त्यु-आ-के-लाझ?

प्रश्नाची दोन रूपं पुस्तकांत असतात, ‘केलाझ आ-त्यु?’ आणि ‘त्यु आ केलाझ?’ पहिलं जरा पुस्तकी. लहान मुलांना दुसरं द्यावं, कारण त्यात शब्द साध्या वाक्याच्याच क्रमाने येतात आणि शेवटी सूर चढवला की प्रश्न होतो. फ्रान्समधली मुलं घाईत ‘ता केलाझ?’ असं आखडून म्हणतात. ते बोलायला शिकवायची गरज नाही, पण ध्वनिफितीत किंवा व्हिडिओत ऐकलं तर ओळखता यावं. ‘त्यु’ म्हणजे आपला अरेतुरेचा तू, मोठ्यांना ‘वू’: ‘वू-ज़ावे केलाझ?’ आपल्याकडे लेकरं बिनधास्त ‘मॅडम, तुम्हाला किती वर्षं झाली?’ विचारतात आणि कुणाला राग येत नाही. फ्रान्समध्ये मोठ्या माणसाला, त्यातून अनोळखी, असं थेट विचारणं बरं समजत नाहीत. वेरूळला लेण्यांसमोर भेटलेल्या फ्रेंच पाहुण्यावर हा प्रश्न टाकायचा नाही, हे सहलीच्या आधी सांगून ठेवावं. पाहुण्याने विचारलं तर उत्तर जरूर द्यावं.

तिसऱ्या तासाला खरी अडचण उभी राहते आणि ती पुस्तकात कुठेच नसते. तिसरीच्या वर्गात सगळे आठचेच. चाळीस जण एकमेकांना वय विचारतात आणि चाळीस वेळा ‘झे उई-ताँ’ येतं. तिसऱ्या मुलानंतर कुणी ऐकत नाही. ऐकायची गरजच उरत नाही. प्रश्न समजला की नाही, हेही यातून कळत नाही, कारण काहीही विचारलं तरी उत्तर तेच.

त्यासाठी कार्डं करावीत. लग्नपत्रिकांचा पाठकोरा जाड कागद यासाठी झकास, आणि उन्हाळ्यानंतर तो घराघरांत पडलेला असतो. पोस्टकार्डापेक्षा थोडी लहान अशी अठ्ठेचाळीस कार्डं, एक ते बाराचे चार संच. त्यांवर आकडे लिहायचे नाहीत. मराठी शाळेतून आलेल्या मुलांच्या डोळ्यांत देवनागरी आणि इंग्रजी दोन्ही अंक असतात; घाईत इंग्रजी 9 हा मराठी एक दिसतो आणि मराठी चार हा इंग्रजी 8. शिवाय आकडा दिसला की मनात आधी ‘एट’ किंवा ‘आठ’ उमटतं. ठळक ठिपके काढावेत: सहापर्यंत सोंगटीच्या फाशावर असतात तसे, पुढे सहाच्या दोन उभ्या ओळी आणि बाजूला वरचे ठिपके. म्हणजे आठ हा सहा आणि दोन असा एका नजरेत दिसतो. काळ्या स्केचपेनने काढले की मागून उमटतात, म्हणून पत्रिकेची छापील बाजू बाहेर राहू द्यावी; सोनेरी गणपतीमागे ठिपका दिसत नाही.

खेळ असा. प्रत्येकाला एक कार्ड पालथं. ते फक्त त्यानेच बघायचं, आणि आता तेच त्याचं वय. जोडीतला पहिला विचारतो ‘त्यु आ केलाझ?’, दुसरा कार्ड छातीशी धरून सांगतो, विचारणारा ऐकलेलं वय पाटीवर ठिपक्यांनीच काढतो. मग कार्ड उलटायचं. जुळलं नाही तर कुणाचं चुकलं, सांगणाऱ्याचं की ऐकणाऱ्याचं, हे दोघांनी वाक्य पुन्हा म्हणून ठरवायचं. इथेच ‘द-ज़ाँ’ आणि ‘दू-ज़ाँ’चा निकाल लागतो. चाळीस जणांना एकदम सोडू नये. दोन ओळी खेळतील, दोन ओळी ठिपके काढतील. शिक्षकाने एका तासात सहा-सात जोड्यांजवळ थांबून ऐकावं, बाकीच्या पुढच्या तासाला. मैदान मोकळं असेल तर ‘मामाचं पत्र हरवलं’च्या गोलात पत्राऐवजी कार्ड टाकावं; ज्याच्या मागे पडलं त्याला सगळा गोल प्रश्न विचारतो आणि वय सांगितल्याशिवाय पळता येत नाही. यात गोंधळ होतो, शेजारच्या वर्गाची तक्रारही येते, पण घोकंपट्टीची लय मोडायला यापेक्षा चांगला खेळ नाही.

‘तो’ आणि ‘ती’ साठी भावंडं पुरत नाहीत. जनावरं घ्यावीत. शेतकऱ्याघरच्या लेकराला वय म्हणजे काय ते बैलाच्या दातांवरून आधीच ठाऊक असतं. दोन दाती म्हणजे साधारण अडीच-तीनचा, सहा दाती चारच्या पुढे, जुळलेला पाचाच्या आसपास. देवणी किंवा लाल कंधारी खोंडाचं चित्र, त्यापुढे उघडा जबडा आणि दात. मुलं दात मोजून सांगतात ‘इल आ कात्राँ’. शेळीला ‘एल आ त्र्वा-ज़ाँ’. वासरू आणि लेकरू हे आपले नपुंसकलिंगी, फ्रेंचमध्ये तिसरं लिंग नाही, तेव्हा वासराला सरळ ‘इल’ म्हणायला सांगावं आणि पुढे जावं. शहरी शाळेत हा प्रकार थोडा कमी चालतो, पण तिथेही कुणाच्या तरी मामाकडे बैल असतोच.

अडीच आलं की साडे आलंच. ‘झे उई-ताँ ए दमी’ म्हणजे साडेआठ. आपण अर्धं आधी लावतो, ते मागे. म्हणून ‘दमी उईताँ’ अशी उलटापालट हमखास होते. दीड-अडीच असे वेगळे शब्द त्यांच्याकडे नाहीत. दीड म्हणजे ‘अँ-नाँ ए दमी’, इतकं सांगितलं की पुरतं. मुलांना या साडेचं भारी वेड असतं. साडेआठवाला आठवाल्यापेक्षा स्वतःला बराच मोठा समजतो, त्या उत्साहात तो तीन टाळ्यांचा तुकडाही नीट म्हणतो.

घरून येणाऱ्या वयाचा एक घोळ आहे. आजी सांगते, ‘त्याला नववं लागलं.’ लेकरू येऊन ‘न-वाँ’ म्हणतं. फ्रेंचमध्ये पूर्ण झालेली वर्षंच मोजतात. नववं लागलेलं म्हणजे उई-ताँच. हे पक्कं करायला भिंतीवर बारा महिन्यांचा तक्ता लावावा, ज्याच्या त्याच्या वाढदिवसाच्या महिन्यात नावाची चिठ्ठी. त्या दिवशी चॉकलेटं वाटण्याआधी त्याने म्हणायचं, काल उई-ताँ, आज न-वाँ. वर्गाने ‘झ्वायो-ज़ानिवेर्सेर’ म्हणायचं. वर्षभर अधूनमधून आपोआप उजळणी होत राहते, तीही खऱ्या कारणाने.

चौथ्या तासाला घरातली मोठी माणसं. हा भाग चौथीपासून पुढे, आणि सगळ्यांना नको. घरून वयं विचारून आणा म्हटलं की निम्म्या आजोबांची जन्मतारीख एक जून निघते, ती शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली. आजी म्हणते, मी रझाकाराच्या साली झाले. कुणाचे वडील दुष्काळात, म्हणजे 1972 ला, जन्मलेले, कुणाची आई किल्लारीच्या भूकंपाच्या वर्षी. यावरच गणित घ्यावं: भूकंप 30 सप्टेंबर 1993 ला झाला, त्या दिवशी जन्मलेल्या आईला 30 सप्टेंबर 2023 ला तीस पूर्ण, ‘एल आ त्राँ-ताँ’. आजीचं वय अंदाजे असलं तरी चालतं, फ्रेंच बरोबर हवं. आणि इथे चुका महाग पडतात. ‘सँ-काँ’ पाच वर्षं, पण शेवटी त लागून ‘सँकाँ-ताँ’ झालं की पन्नास. ‘से-ताँ’ सात, ‘साँ-ताँ’ शंभर. एक स्वर नाकात गेला की सात वर्षांचा भाऊ शंभरीचा. या दोन जोड्या फळ्यावर ठेवून नुसतं ऐकून हात वर करायचा खेळ पाच मिनिटं घ्यावा.

सत्तरच्या पुढे फ्रेंच आकडे चमत्कारिक होतात. सत्तर म्हणजे साठ-दहा, ‘स्वासाँत-दीस’. ऐंशी म्हणजे चार वीस, ‘कात्र-वँ’. नव्वद म्हणजे चार वीस आणि दहा. पुण्या-मुंबईच्या मुलांना हे कोडं वाटतं. इकडे खेड्यात अजूनही म्हातारी माणसं ‘चार विसा’ म्हणून ऐंशी मोजताना ऐकू येतात, ते एकदा आठवून दिलं की काम होतं. ऐंशी वर्षं ‘कात्र-वँ-ज़ाँ’. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमधले फ्रेंच बोलणारे सत्तरला ‘सेप्ताँत’ आणि नव्वदला ‘नोनाँत’ म्हणतात. ते सोपं आहे, पण फ्रान्समधलं शिकवत असाल तर दोन्ही एकदम नकोत.

लिहिणं सगळ्यात शेवटी, एका पानाचं. ‘झे’मध्ये पहिल्या अक्षरानंतर वर लहान स्वल्पविराम, वयाच्या शब्दात पहिल्या स्वरावर टोपी, प्रश्नचिन्हाच्या आधी बारीक जागा सोडायची. शब्दांच्या शेवटी न उच्चारलेली अक्षरं बघून मुलं पुन्हा ‘आन्स’ वाचायला लागतात, म्हणून अक्षर दाखवायच्या आधी आवाज पक्का असावा. सहाचे तीन अवतारही आता सांगायला हरकत नाही: मोजताना ‘सीस’, वर्षांपुढे ‘सी-ज़ाँ’, आणि सहा महिन्यांच्या बाळासाठी ‘सी म्वा’, कारण महिन्याच्या शब्दाची सुरुवात व्यंजनाने होते. आठचंही तसंच, ‘उईत’, ‘उई-ताँ’, ‘उई म्वा’. आत्ता कुठे एक ते बारा सुट्टे मोजायला द्यावेत. एका तासात येतात.

धडा बसला की नाही हे तासाला विचारून कळत नाही. आठवड्याने, पाण्याच्या टाकीपाशी किंवा गेटवर, दुसरंच काही चालू असताना मुलाला विचारावं, ‘त्यु आ केलाझ?’ डेल्फ प्रिमसारख्या लहान मुलांच्या परीक्षेतही स्वतःविषयी असंच तोंडी सांगावं लागतं, आणि तिथे आधी उजळणी घ्यायला कुणी नसतं. उत्तर तीन टाळ्यांत आलं आणि पाठोपाठ ‘ए त्वा?’, म्हणजे ‘आणि तुझं?’, असं लेकराने उलट विचारलं, तर पुढचा धडा, जन्मतारखेचा, सुरू करायला हरकत नाही. शिक्षकाला ‘ए त्वा?’ नाही, ‘ए वू?’ म्हणायचं, एवढी दुरुस्ती तेव्हाच करून टाकावी.